आठवी रेघ

१

जागेश्वर मिस्त्रीचा माणसांपेक्षा पाण्यावर जास्त विश्वास होता. "लोखंड दगा देते, मानूस त देतेच, पन पानी झूट बोलत नाई," असं तो कारध्याच्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक बिचारं बिघडलेला पंप बैलबंडीत टाकून आलेलं असायचं, त्याला धान रोवण्याची घाई असायची, हे ज्ञान त्याला नको असायचं. पण जागेश्वर आपल्या पद्धतीनेच जायचा. आधी पंप हौदात बुडवायचा, सायकलच्या पंपाने आत हवा भरायची आणि उकिडवं बसून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. मग इंजिन चालू करून लांब पेचकसाचं टोक लोखंडाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते ऐकायचं. निम्मी दुरुस्ती तो कानानेच करायचा, असं लोक म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

त्र्याऐंशीच्या मे महिन्याच्या अखेरीस तालुक्याच्या कचेरीतले तुलाराम बाबू जीपमधून तरटात गुंडाळलेलं एक धूड घेऊन आले. पुरात अडकलेली माणसं काढायला कचेरीने जी नाव ठेवली होती, तिच्या पाठीला अडकवायची ही मोटर. वर इंजिनाचं डोकं, मधे लांब पाय, खाली पंखा. एका पायावर पाण्यात उभी राहते म्हणून जागेश्वर तिला बगळा म्हणायचा. बगळा म्हातारा होता, परदेशी बनावटीचा होता आणि त्याचे सुटे भाग नागपुरातही शोधून शोधून मिळायचे.

"नऊ महिने कोठीत पडून हाय," बाबू म्हणाले. "मिरगाच्या आत तयार पायजे, मिस्त्री. कुठूनच पानी घेतलं नाई पायजे. नाईतर मागच्या सालासारखं..."

  दोघांनी मिळून मोटर बाकावर आडवी टाकली आणि बाबू घाम पुसत निघून गेले.

जागेश्वरने खालचा पेच काढला. आत तेल असायला हवं होतं, फार तर पाणी मिसळून ताकासारखं पांढरं झालेलं. आलं ते निव्वळ पाणी. त्याने खाली गंज, म्हणजे पातेलं, लावला. गंज भरला. बादली सरकवली, तर तीही अर्धी झाली. त्या भागात मावून मावून एक बाटली मावते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि पाणी लाल होतं. बाहेर वैनगंगेला तेव्हा काचेसारखं नितळ पाणी होतं, तळातले गोटे मोजता येत होते. विहिरीचं पाणीही स्वच्छ. हे गढूळ, तांबूस, धानाच्या काड्या तरंगत असलेलं पाणी भादव्याचं होतं.

पुराचं पाणी आत अडकून राहिलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. लोखंडाच्या पोकळ्या फार असतात. नऊ महिन्यांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यात ते आटलं कसं नाही, हा प्रश्न त्याला सुचला होता, पण चहा आला आणि तो राहून गेला.

२

मागच्या भादव्यात पूर आला तेव्हा पल्याडच्या टोलीतली, छोट्या वस्तीतली, माणसं काढायला हीच नाव आणि हीच मोटर गेली होती. चालवणारा भैय्यालाल, नावाड्या-मासेमारांच्या म्हणजे ढिवरांच्या मोहल्ल्यातला. चालायच्या आधी तो पोहायला शिकला, असं त्याची आई सांगायची. नाव सात उतारूंची. सात चढले, तेव्हा काठावर शकुनबाई उरली. बिड्या वळून पोट भरणारी एकटी बाई, मागेपुढे कोणी नाही. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. भैय्यालालने तिलाही घेतलं.

मधधारेत मोटर बंद पडली. नाव वाहत गेली, बुडालेल्या करंजाच्या शेंड्यावर आदळली आणि कलंडली. सगळ्यांच्या हाताला फांद्या आल्या. शकुनबाईच्या आल्या नाहीत. ती नंतर सापडलीही नाही.

गाव म्हणालं, सातच्या नावेत आठ बसवले, मग मोटर बसणार नाही तर काय होईल? बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! पण वाईट हे, की भैय्यालालने तो दोष आपल्या हाताने उचलून डोक्यावर घेतला. तेव्हापासून त्याने नावेत पाऊल टाकलं नव्हतं. बाई काठावर उभी असताना तिला 'नाही' म्हणायला हवं होतं, एवढं एकच वाक्य तो नऊ महिने जपत बसला होता.

आता जागेश्वरने मोटरीच्या छातीवरचं झाकण उघडलं. ही मोटर आतून तापते आणि तिला थंड ठेवायला नदीचंच पाणी ह्या झाकणामागून फिरत असतं. आग आणि पाणी यांच्या मधे एक पॅकिंग, बस्स. ते गेलं की पाणी आगीच्या घरात शिरतं आणि मोटर जागच्या जागी मरते. मागच्या साली नागपूरहून पॅकिंग आलं नव्हतं. नदी चढत होती, कचेरी डोक्यावर बसली होती. तेव्हा जागेश्वरने वीस वर्षं विहिरीच्या पंपांना जे केलं तेच केलं. अड्याळच्या बाजारातून आणलेली पळसाची लाख चुलीवर वितळवली, जुन्याच पॅकिंगला दोन्ही अंगांनी फासली आणि पेच आवळले. पंपाला लावलेली लाख दहा दहा वर्षं हलत नाही. पिंपात दहा मिनिटं मोटर चालवून पाहिली. थेंब नाही. त्याने खुशीत तिच्या डोक्यावर थाप मारली होती, ती थाप त्याला आजही आठवत होती.

पण पंप थंड असतो. आणि ही मोटर पुरात, भरल्या नावेने, धारेच्या उलट, अर्धा तास चालली होती.

झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात लाख वितळून ओघळली होती आणि तिथे नख जाईल एवढी फट होती. जागेश्वर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. दोष आठव्या माणसाचा नव्हता. आठ काय, चार बसले असते तरी ही मोटर मधधारेत बंद पडली असती.

नऊ महिने त्याला नुसता संशय होता. संशय असला की माणूस कूस बदलून झोपतो. आता तेही गेलं. त्याने चाकूने ती काळी लाख खरवडली, बिडीच्या कागदात पुडी बांधली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. ती कशाला ठेवली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

३

त्यानंतर त्याने जे काम केलं, तसं आयुष्यात केलं नव्हतं. मोटरीचा पेच न् पेच सुटा केला, घासलेटात धुतला. पंख्याच्या दांड्यावरचं रबरी सील नवं, वरच्या दांड्याचं नवं, पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चकती नवी, खालच्या पेचाचा वायसरसुद्धा नवा. झाकणाचं पॅकिंग आणायला तो स्वतः नागपूरला गेला आणि ते मिळेपर्यंत तिथेच दोन दिवस राहिला. पेच आवळताना तो दर वेळी थांबून श्वास घ्यायचा. बायको मंदाबाई दारातून पाहत होती. नवरा कामात असला की तोंडाने शिट्टी वाजवतो, ती ह्या खेपेला एकदाही ऐकू आली नाही.

हवा भरून हौदात बुडवली. एक बुडबुडा नाही. पिंपात विहिरीचं पाणी भरून दहा मिनिटं नाही, दोन तास चालवली, पुऱ्या जोराने. मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडत होती. मोटर मुतते तोवर जिवंत, असं मेकॅनिक लोक म्हणतात, आणि ही तर झकास मुतत होती. उतरवून पेच काढला, तेल सोनेरी. झाकण काढलं, आगीची बाजू कोरडी.

मग त्याने ती दुकानातल्या लाकडी घोडीवर टांगली आणि जेवायला गेला. दुकान आणि घर एकच, मधे एक दार. उन्हं पेटली होती. कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. जेवून तासाभराने आला, तर घोडीखालची जमीन ओली होती.

लाल पाण्याने.

जागेश्वर वैतागला. भीती नंतरची, आधी कारागिराचा अपमान. त्याने पेच पुन्हा काढला. तेल सोनेरी, आगीची बाजू कोरडी. मोटरीत पाणी नव्हतं, पण मोटरीखाली होतं. कौलांतून? आभाळात ढग नव्हता. मंदाने सांडलं? ती आत भांडी घासत होती आणि तिच्या रांजणातलं पाणी नितळ. त्याने फडकं घेऊन जमीन पुसली आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

सांडलेलं पाणी पसरतं, गोल होतं, उताराकडे जातं. हे तसं नव्हतं. हे मोटरीपासून लांब, एकाच अंगाला, लांबट फटकाऱ्यांनी पडलं होतं. एकावर एक, एकावर एक.

हे गळलेलं नव्हतं. हे फेकलेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी त्याने राइसमिलमधून तुसाची राख आणली आणि घोडीखाली चारी बाजूंनी पसरली. मांजर असेल तर पाय उठतील. माणूस असेल तरी उठतील. स्वतःच्या हुशारीवर थोडा खूशही झाला. दाराला कडी लावून तो आतल्या खोलीत, दाराला पाठ लावून बसला.

दुपारी मोहल्ला झोपतो, तेव्हा कारध्याला आवाजच राहत नाही. लांब पुलावरून एखादा ट्रक जातो तेवढाच. त्याला झोप लागली नव्हती, हे तो पुढे शपथेवर सांगायचा. काही ऐकूही आलं नाही. कडी काढून पाहिलं, तर राखेवर डाव्या अंगाला पाण्याचे लांब ओरखडे होते, ताजे, कडांनी राख वळलेली. पाऊल एकही नाही.

मग त्याने केलं ते निव्वळ सवयीने केलं. भिंतीवरचा लांब पेचकस काढला, टोक मोटरीच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागे लावली. बंद मोटरीत ऐकायला काय असणार? पण हात रिकामे राहिले की तो हेच करायचा.

आत आवाज होता.

खर्र. मग थोडं थांबून, छप्.

पुन्हा खर्र. छप्.

त्याने पेचकस काढला. दुकान शांत. पुन्हा लावला. खर्र, छप्. पत्र्यावरून धातूचं काही घासत जावं आणि पाणी दूर पडावं, तसं. कोणताही दांडा फिरताना असा आवाज करत नाही, कोणतंही बेअरिंग असं वाजत नाही. यंत्राला एक ठेका असतो आणि तो सुटत नाही. हा ठेका सुटत होता. मधेच हळू व्हायचा. दोन घासण्यांमधलं अंतर वाढायचं, इतकं वाढायचं की जागेश्वरला वाटे, संपलं. आणि मग एकदम घाईघाईने, चूक झाल्यासारखं, खर्र छप् खर्र छप् खर्र छप्.

यंत्र थकत नाही. हे थकत होतं.

पेचकस हातातून पडला, त्या आवाजाने मंदाबाई आली. तिने राख पाहिली, ओरखडे पाहिले, नवऱ्याचं तोंड पाहिलं. 

"अजी, एक बोलू का?" ती म्हणाली. "थे लाख माह्या चुलीवर वितळली होती. माह्याच गंजात. पुराच्या दुसऱ्या दिवशी मी थो गंज नदीत फेकला, तुमाले सांगतलं नाई."

 नऊ महिने एका ताटलीवर झाकण ठेवून दोघं दोन बाजूंनी बसले होते.

"भैय्यालालभाऊले सांगून द्या," मंदाबाई म्हणाली. "मानूस वाळून चालला थो."

५

सांगायचं ठरवून गेला, पण सांगणं सोपं असतं तर जगात एवढे गप्प लोक कशाला असते! भैय्यालाल आपल्या अंगणात कडुनिंबाखाली जाळं विणत बसला होता. पूर्वी ज्याच्या अंगाने दार भरायचं, तो माणूस आता वाळून निम्मा झाला होता.

"ये गा जागेश्वर. बस. मोटर झाली म्हन्ते?"

"झाली, भाऊ. म्हंजे... झाली." जागेश्वर खाटेच्या काठावर टेकला. पुडी खिशात होती, ती छातीला टोचत होती. त्याच्या तोंडून दुसरंच निघालं. "भाऊ, एक इचारतो, राग नोको मानू. मोटर बंद पडल्यावर... शकुनबाई काय करून राहिली होती?"

भैय्यालालची सुई थांबली. नऊ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. आठ का घेतले, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं.

"पानी उपसून राहिली होती," तो म्हणाला. "नाव डुलून राहिली, लाटा आत येऊन राहिल्या. बाकीचे रडून राहिले, देवाचं नाव घेऊन राहिले. थेच एक बाई उठली नाई, रडली नाई. तिच्याजवळ पितळेचा लोटा होता, घरून तेवढाच घेतला होता तिनं. लोट्यानं उपसे न् बाहेर फेके. नावेचं बूड पत्र्याचं, लोटा घासला की आवाज होये."

"कसा?" जागेश्वरने विचारलं, आणि विचारून पस्तावला.

भैय्यालालने तोंडाने काढून दाखवला. "खर्र. छप्."

कडुनिंबावर कावळे भांडत होते. 

"मीच ओरडलो तिले," भैय्यालाल पुढे बोलत राहिला, जाळ्याकडे पाहत. "म्हनलं, शकुनबाई, उपसत राह्य, मी लागली म्हनीन तवरिक थांबू नोको! तुले मालूम हाय आमच्या नावेची रीत. नावाड्यानं 'लागली हो' म्हनल्याबिगर कोनी उठत नाई, कोनी उतरत नाई. थे म्हने, हो दादा. न् उपसत राहिली."

"मंग?"

"मंग काय? नाव काठाले लागलीच नाई, त मी म्हनू कसा?"

६

मिरगाला चार दिवस होते. डोहात चाचणी घ्यायची, तर मोटरीची नाव चालवणारा दुसरा माणूस कारध्याला नव्हता. भैय्यालाल आधी नाहीच म्हणाला. जागेश्वर म्हणाला, "कचेरी कोन्या नव्या मानसाले देईन, भाऊ. त्याले पानी समजत नाई. तू एकदा पाहून घे, मंग नोको चालवू." ह्यावर तो उठला. पाणी न समजणारा माणूस नावेवर जाणार, हे कोणत्याच ढिवराला सहन होत नाही.

सकाळचे आठ वाजले होते, ऊन लख्ख. भरल्या नावेची परीक्षा म्हणून जागेश्वरने वाळूची सहा पोती टाकली होती, एकेक माणसाच्या वजनाची. सातवा तो स्वतः. नावेच्या अंगाला भैय्यालालने फार पूर्वी डांबराच्या आडव्या रेघा मारलेल्या होत्या. एक उतारू बसला की पाणी एका रेघेने चढतं. माणसं मोजायची नाहीत, रेघ पाहायची, ही त्याची पद्धत.

जागेश्वर बसला. भैय्यालाल मागे चढला, वाकून बाहेर रेघ पाहिली आणि वाकलेलाच राहिला.

"पोती किती टाकली गा?"

"सहा."

"मोज."

जागेश्वरने मोजली. सहा होती. मधली आडवी फळी रिकामी होती. ती ओली होती. नाव रात्रभर घाटावर पालथी घातलेली होती, कालपासून तिला पाणी लागलं नव्हतं, आणि फळीवर एक माणूस बसेल एवढा ओला डाग होता, त्याच्या कडेने थेंब थेंब खाली पडत होतं.

"पानी आठव्या रेघेवर हाय," भैय्यालाल म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. घाबरलेला माणूस असा बोलत नाही, की असाच बोलतो?

दोघांनीही उतरायचं नाव काढलं नाही. मधल्या फळीवर कोण बसलंय, ते दोघांनाही माहीत होतं आणि एकमेकांना सांगायची गरज नव्हती. भैय्यालालने दोरी ओढली. मोटर पहिल्याच ओढीला चालू झाली.

डोहाच्या मधोमध येईपर्यंत जागेश्वर मोटरीचा आवाज ऐकत होता. निर्दोष आवाज. बारीक धार उडत होती, कुठे थेंब नव्हता. पण त्या आवाजाच्या खाली, पायांशी, दुसरा होता. आता पेचकस लागत नव्हता. खर्र. छप्. नावेचं बूड कोरडं ठणठणीत होतं, आणि डाव्या हाताला, नदीच्या नितळ पाण्यावर, दर वेळी एक लाल फटकारा पडायचा आणि विरायचा.

"भाऊ," जागेश्वर म्हणाला. "मोटर बंद कर."

"काहून?"

"मले सांगाचं हाय. मोटरीच्या आवाजात सांगता येत नाई."

भैय्यालालने बंद केली. नाव डोहात संथ उभी राहिली. त्या शांततेत तो आवाज जास्तच जवळचा वाटला. जागेश्वरने खिशातली पुडी काढून उघडली आणि पुढे धरली.

"हे लाख हाय. मागच्या साली पॅकिंग नाई भेटलं म्हनून मी लावली. पिंपात दहा मिनिटं टिकली, मले वाटलं टिकते. गरमीनं वितळली. पानी आत गेलं न् मोटर मेली. आठ मानसांनी नाई मेली, भाऊ. तू चार घेतले असते तरी मेली असती. मी झाकन खोललं थ्या दिवशी मले पक्कं समजलं. त्याच्या आंधी... त्याच्या आंधीबी मले वाटून राहिलं होतं."

भैय्यालालने पुडी हातात घेतली. नाकाशी नेली. बोटाने ते काळे तुकडे हलवले.

"तिले मी काठावर सोडलं असतं तरी?"

"तरी मोटर बंदच पडली असती. थे सात जन गेले असते. पानी कोनी उपसलं असतं?"

 भैय्यालालचे खांदे एकदा हलले. मग त्याने पुडी पुन्हा नीट बांधली, अगदी काळजीने, आणि परत दिली.

"नऊ महिने, जागेश्वर," तो म्हणाला.

एवढंच. शिवी दिली असती तर जागेश्वरला बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते त्याने पुसलंही नाही.

पायाशी आवाज हळू झाला होता. खर्र. मग खूप वेळ. छप्. पुन्हा खूप वेळ. भैय्यालाल मधल्या फळीकडे पाहत होता, जसा बाप तापातल्या लेकराकडे पाहतो.

"थकली गा थे," तो म्हणाला आणि दोरी ओढली.

७

घाटाला नाव त्याने अशी लावली, की पायरीला नुसता स्पर्श झाला. मोटर बंद केली. वल्हं गाळात रोवलं. उभा राहिला आणि छाती भरून, पल्याडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"लागली हो! शकुनबाई, लागली. राहू दे आता. उतर."

घासण्याचा आवाज अर्ध्यात थांबला. लोटा फळीवर टेकवावा तसं काहीतरी हलकेच वाजलं.

मग नाव उचलली गेली. फार नाही, दोन बोटं. जागेश्वरला ती बुडाखाली जाणवली, कोणीतरी उठून उतरल्यावर जाणवते तशी. घाटाची पायरी उन्हाने तापून कोरडी होती. तिच्यावर एक ओलं पाऊल उमटलं. वरच्या पायरीवर दुसरं. त्याने पाहायचं नव्हतं, पण माणसाची नजर ऐकते का! क्षणभर, डोळ्यांतल्या पाण्यातून, त्याला दोन टाचा दिसल्या, फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेल्या, आणि त्यांवर लुगड्याचा गळता काठ. त्याच्या वर नजर न्यायची त्याची छाती झाली नाही. डोळे पुसले, तर नुसती पावलं होती. घाट चढून ती गावाकडे वळली होती.

भैय्यालालने वाकून बाहेर पाहिलं. पाणी सातव्या रेघेवर होतं. त्याने ओल्या फळीवर तळहात फिरवला आणि हात कपाळाला लावला.

"उतर आता तूबी," तो म्हणाला. "किती दिस बसशीन नावेत?"

"न् तू, भाऊ?"

"सगळे उतरले की नावाडी उतरते." त्याने गावाकडे हनुवटी उडवली. "लोकं चावडीवर बसले असतीन. पुडी नेजो."

जागेश्वर उतरला.  पहिल्या पायरीवरचं पाऊल उन्हाने वाळत चाललं होतं, वरची अजून ओली होती. पुडी मुठीत धरून तो घाट चढू लागला. तीही चावडीच्याच वाटेने गेली होती. तिच्या एकाही पावलावर पाय पडू नये म्हणून तो कडेकडेने, तिच्या जोडीने चालत गेला.